विझव्यांची आज्ञाधारक आग

त्यांचं खरं आडनाव काय, हे दुकानात पगार काढणाऱ्या माणसाखेरीज कोणाला ठाऊक नसावं. सगळे त्यांना विझवे म्हणत. मॅनेजर म्हणे, दारावरचा पहारेकरी म्हणे, आणि रागात असली की घरी बायकोसुद्धा म्हणे. विझव्यांना त्याचं वाईट वाटत नसे. उलट एखाद्या नव्या गिऱ्हाइकाने खऱ्या आडनावाची चौकशी केलीच, तर ते जरा आठवून सांगत.

दुकान घरगुती वस्तूंचं होतं. तळमजल्यावर भांडी आणि बादल्या, वर पडदे आणि उश्या, आणि मागच्या दारापाशी, जिथे पूर्वी पायपुसण्यांचा ढीग असायचा, तिथे विझव्यांचा विभाग. विभाग म्हणजे एक टेबल, त्यावर लाल कापड, आणि कापडावर मांडलेली आग विझवायची नवलाई. एक पांढरा गोळा होता, चांगला कलिंगडाएवढा. आगीत टाकला की तो फुटायचा आणि पूड उडवायचा. टाकायचा नसेल तर शेगडीच्या वर टांगून ठेवायचा, आग लागली की तो आपला आपण फुटणार होता. एक फुलदाणी होती, तिच्या पोटात निळसर पाणी. एरवी तिच्यात फूल खोचून दिवाणखान्यात ठेवायची आणि वेळ आली की फुलासकट आगीवर भिरकावायची. एक फवाऱ्याचा डबा होता, तो लोक हमखास केसांना मारायचा समजून उचलत. आणि एक स्टिकर होता. तो विजेच्या बोर्डाच्या आत चिकटवला की बोर्डाला आग लागणार नाही, आणि लागलीच तर स्टिकर तिच्याकडे बघून घेईल, असं त्याच्या पाकिटावर छापलं होतं.

जेवणाच्या सुट्टीनंतर विझवे मागच्या अंगणात प्रात्यक्षिक करत. ते बघायला बादली घ्यायला आलेली माणसंही थांबत. जमिनीवर पत्र्याचा पसरट ट्रे ठेवायचा. त्यात आधी पाणी ओतायचं, बोटभर. पाण्यावर स्पिरिटचा पातळसा थर सोडायचा आणि काडी टाकायची. भपकन कमरेएवढ्या ज्वाळा उठायच्या, पुढच्या रांगेतली माणसं मागच्यांच्या पायावर पाय देत मागे सरकायची. विझवे मात्र जागचे हलत नसत. हात जराही न कापता, पत्त्याचं पान टाकावं तशी फुलदाणी ते मनगटातून सोडत. खळ्ळ असा आवाज होई आणि आग गायब. लोक टाळ्या वाजवत, आणि विझवे रुमालाने हात पुसत. हाताला काही लागलेलं नसे, पण पुसत.

पाणी आधी ओतायचं, हे त्यांना त्यांच्या आधीच्या प्रात्यक्षिकवाल्याने शिकवलं होतं. "ट्रे खराब होत नाही," एवढंच कारण त्याने दिलं होतं. फेकायचं कधी हे कोणी शिकवलं नव्हतं, ते हाताला आपोआप कळत गेलं. फार लवकर फेकलं तर मजा येत नाही, आणि जरा थांबून, ज्वाळा दमत आल्या की फेकलं तर हमखास विझते. विझव्यांनी हे स्वतःशीसुद्धा कधी असं मांडलं नव्हतं. ते लबाड नव्हते हो. लबाड माणूस निदान सावध असतो. विझवे मनापासून विकत, त्यामुळे त्यांना कशाचाच संशय आला नाही.

आणि मनापासून विकत म्हणूनच त्यांनी स्वतःच्या ताईचं घर या सगळ्या वस्तूंनी भरून टाकलं होतं.

ताई त्यांच्याहून बरीच मोठी. आई गेल्यावर तिनेच त्यांना वाढवलं. दिवसभर शिवणाच्या कारखान्यात शर्टांना काजं करायची आणि घरी येऊन धाकट्या भावाला भरवायची. त्या काळी ती आगीला फार भिऊन असे. शेगडी पेटलेली असताना नळाला पाणी आलं तरी जागची हलत नसे, आणि भावाला तर स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडू देत नसे. आता ती शहराच्या दुसऱ्या टोकाला दुसऱ्या मजल्यावर एकटी राहायची. गुडघे बोलायला लागले होते, जिना चढायचा म्हणजे वाटेत दोनदा बसावं लागे. आपल्यामागे तिला काही होऊ नये, एवढी एकच गोष्ट विझव्यांना जिवाला लागलेली असे. म्हणून त्यांनी शेगडीच्या वर छताला चिकटपट्टीने गोळा टांगला, उशाशी फुलदाणी ठेवली, बोर्डात स्टिकर लावला, आणि त्या दिवसापासून ते बिनघोर झोपू लागले.

ताईही बिनघोर झाली. नको तितकी झाली. पातेल्यात तेल तापत ठेवायचं आणि गॅलरीत जाऊन शेजारणीशी गप्पा मारत उभं राहायचं, असा तिने परिपाठच पाडला. शेजारीण म्हणाली, "अहो, आत तेल आहे ना?" तर ताई म्हणे, "असू दे. वर माझा भाऊ टांगलाय."

विझव्यांना हे कळलं तेव्हा त्यांची छाती फुगली होती.

मग एक दिवस भुवया नसलेल्या बाई आल्या. पिशवीतून त्यांनी फुलदाणी काढली आणि लाल कापडावर ठेवली. फुलदाणी धडधाकट होती. बाईंच्या कपाळाखाली मात्र नुसती गुळगुळीत गुलाबी कातडी होती, त्यामुळे त्यांचा चेहरा सारखा आश्चर्य वाटल्यासारखा दिसत होता.

"ही फुटली नाही," त्या म्हणाल्या. भांडायला आल्या नव्हत्या. शाळेत गणित अडलेली मुलगी वही घेऊन येते तशा आल्या होत्या. "कढईतल्या तेलाने पेट घेतला. मी तुमच्यासारखीच फेकली. ही कढईच्या काठावर आपटली आणि टुणकन उडाली. कढई कलंडली. शेवटी खालच्या शिंप्याने वर येऊन जाडजूड घोंगडं टाकलं, तेव्हा कुठे. माझं काय चुकलं तेवढं दाखवाल का?"

"फेकायला मनगट लागतं, मॅडम," विझवे म्हणाले, आणि त्यांना खास अंगणात घेऊन गेले. पाणी, स्पिरिट, काडी. ज्वाळा उठल्या, विझवे थांबले, फुलदाणी सोडली. खळ्ळ. आग गायब.

बाईंनी वाकून ट्रेमध्ये पाहिलं. मग म्हणाल्या, "पण माझी आग अशी नव्हती."

"म्हणजे कशी?"

"तुमची आग ऐकते हो. माझी ऐकत नव्हती." एवढं बोलून त्यांनी आभार मानले आणि गेल्या. विझव्यांनी हात पुसले. पण त्या दिवशी घरी जाताना ते बसने दोन थांबे पुढे गेले आणि चालत मागे आले.

बायकोला त्यांनी जेवताना सगळं सांगितलं. बायको धुलाई केंद्रात इस्त्रीचं काम करायची. दिवसभर वाफेत उभं राहून तिची सहनशक्ती आणि बोलणं दोन्ही आटलेलं असे. आपल्या घरात तिने यातली एकही वस्तू येऊ दिली नव्हती. शोभेची भांडी पुसायला मला वेळ नाही, एवढंच कारण सांगितलं होतं.

"मग तेल पेटवून बघा की," ती म्हणाली.

रविवारी सकाळी त्यांनी घरामागच्या फरशीवर एक जुनी कढई, एक सुटी शेगडी आणि टेबलावरची सगळी नवलाई मांडली. तेल पेटायला भलताच वेळ लागला. आधी नुसतं तापलं, मग धुरकटलं, मग बायको म्हणाली, "होत नसेल तर राहू द्या, मला कपडे वाळत घालायचेत," आणि तेवढ्यात त्याने पेट घेतला. ती आग विझव्यांच्या ओळखीची नव्हती. ती भपकन उठून खाली बसत नव्हती. कढईत ठाण मांडून फुरफुरत होती आणि काळा धूर ओकत होती, आणि तिची दमायची काही चिन्हं दिसत नव्हती.

विझव्यांनी मनगटातून फुलदाणी सोडली. ती काठावर टणकन आपटली, उडाली, आणि गडगडत बायकोच्या पायापाशी येऊन थांबली. फूलही जागच्या जागी होतं. विझव्यांनी फवारा उचलला आणि जवळ जाऊन दाबला. फवाऱ्याचा जोर एवढा की कढईतलं तेल पेटत्या पेटत्या बाहेर उडालं आणि मागच्या दारातलं पायपुसणं जळायला लागलं. मग त्यांनी गोळा टाकला. गोळा कढईहून मोठा. तो क्षणभर कढईवर बसला, जागा पसंत न पडल्यासारखा घरंगळला आणि शेजारच्या स्टुलाखाली जाऊन निवांत पडून राहिला. बाहेर विजेचा बोर्ड नव्हता म्हणून स्टिकर स्टुलाला लावला होता. तिथे कसलीच आग नसल्यामुळे स्टिकर अगदी नवाकोरा होता.

"सरका," बायको म्हणाली. आतून तिने मोठ्या पातेल्याचं झाकण आणलं होतं. वाकून शेगडी बंद केली, झाकण बाजूने सरकवत कढईवर ठेवलं, आणि पायपुसणं चपलेने तुडवलं. संपलं. दोघं झाकणाकडे बघत उभी राहिली. त्यातून धुराची एक बारीक रेघ निघाली आणि थांबली.

तेवढ्यात स्टुलाखालचा गोळा धडाम् करून फुटला. घरंगळण्याआधी त्याची वात कुठेतरी पेटली असावी. फरशी, स्टूल, विझवे, बायको आणि शेजाऱ्यांच्या दोरीवरचे धुतलेले कपडे, सगळं पांढरंफटक झालं.

"एवढा वेळ काय करत होता हा?" बायकोने विचारलं.

विझवे पायरीवर बसले. त्यांच्या डोळ्यांसमोर एकच चित्र होतं. शेगडीवर तेल, वर छताला गोळा, आणि ताई गॅलरीत.  पांढऱ्या केसांनी आणि पांढऱ्या चपलांनी ते तसेच उठून बसथांब्याकडे निघाले.

ताईचं दार उघडंच होतं. ताई गॅलरीत होती. शेगडीवर तेल होतं. विझव्यांनी धावत जाऊन शेगडी बंद केली आणि ओट्याला धरून उभे राहिले.

"बाळ्या? हे काय, पिठाच्या गिरणीत लागलास का?" ताई दारात येऊन म्हणाली. बाकीच्या जगाने त्यांना विझवे केलं असलं तरी तिच्यासाठी ते बाळ्याच होते.

"ताई, हे काही चालत नाही. गोळा, फुलदाणी, काही चालत नाही. आजपासून तेल ठेवून बाहेर जायचं नाही."

"चालत नाही कसं? मी स्वतः पाहिलंय. दुकानाच्या अंगणात पहिल्या रांगेत बसवलं होतंस मला. खळ्ळ झालं आणि विझली."

"ते खरं नव्हतं गं."

ताईचा चेहरा पडला. "म्हणजे तू लोकांना फसवतोस?"

"नाही. मी कशाला फसवू?"

"मग खरं होतं."

 फसवलं म्हणावं तर फसवलं नव्हतं, आणि नाही म्हणावं तर गोळा छताला तसाच राहत होता. "ताई, तू आपली झाकण ठेवत जा. पेटलंच तर शेगडी बंद करायची आणि झाकण सरकवायचं. बास. पाणी मात्र अजिबात टाकायचं नाही."

"झाकण?" ताईने त्यांच्या कपाळाला हात लावून पाहिला. "बाळ्या, खरं सांग. तुला कामावरून काढलं का?"

तिची समजूत पटेना. ती सांगत होती, मी डोळ्यांनी पाहिलेलं मला खोटं वाटत नाही. शेवटी विझवे म्हणाले, "ठीक आहे. डोळ्यांनीच दाखवतो. पुढच्या रविवारी, तुमच्या इमारतीच्या गच्चीवर."

त्यांनी मनाशी सरळ हिशेब केला होता. दोष वस्तूंचा आहे. आपल्या मनगटामुळे तो झाकला जातो. तेव्हा गच्चीवर मुद्दाम चुकीचं फेकायचं, वस्तू फसेल, ताई बघेल, सुटलो. तेलाची कढई न्यायची त्यांची हिंमत नव्हती, आणि बायकोने दुसरी कढई द्यायला साफ नकार दिला होता. म्हणून त्यांनी दुकानातला ट्रेच आणला.

गच्चीवर बघतात तर अर्धी इमारत जमलेली. ताईने सगळ्यांना आवतण दिलं होतं. दोन दोन पायऱ्यांवर बसत ती स्वतः वर आली होती आणि पहिल्या खुर्चीत बसली होती. "माझा भाऊ," ती शेजारच्यांना सांगत होती.

"आज मी तुम्हाला दाखवणार आहे," विझवे म्हणाले, "की हे सामान कुचकामी आहे." लोकांना ही काहीतरी विक्रीची नवी तऱ्हा वाटली आणि ते सावरून बसले.

हातांनी सवयीने आधी पाणी ओतलं, मग स्पिरिट, मग काडी. ज्वाळा उठल्या. विझव्यांनी आयुष्यात पहिल्यांदा वाईट फेक केली. फुलदाणी ट्रेपासून लांब, पाण्याच्या टाकीवर जाऊन फुटली. निळं पाणी टाकीवरून ओघळलं. आणि आग विझली.

सगळे थक्क.

"पाहिलंत?" ताई म्हणाली. "लांबूनसुद्धा काम करते."

"थांबा," विझवे म्हणाले. पुन्हा पाणी, स्पिरिट, काडी. या वेळी त्यांनी गोळा उचलला, ट्रेकडे पाठ केली आणि जिन्याच्या बाजूला टाकून दिला. आग विझली. गोळा पायऱ्या उतरत खाली निघून गेला आणि कोणाच्यातरी दाराशी थांबल्याचा आवाज आला.

"पाठमोरंसुद्धा," तळमजल्यावरचे निवृत्त पोस्टमन म्हणाले. "कमाल आहे."

विझव्यांचे कान तापले. त्यांनी तिसऱ्यांदा आग लावली आणि काहीच केलं नाही. दुसरी फुलदाणी हातात घेऊन नुसते उभे राहिले. ज्वाळा उठल्या, नाचल्या, हळूहळू दमल्या, निळ्या झाल्या आणि ट्रेच्या कडेला जाऊन गपगार झाल्या. उरलं ते नुसतं पाणी. विझवे त्या पाण्याकडे बघत राहिले. भुवया नसलेल्या बाई काय म्हणाल्या होत्या ते त्यांना तेव्हा कळलं. इतकी वर्षं ही आग कोणीच विझवत नव्हतं. ती आपली आपण संपत होती, आणि संपायच्या सुमारास ते तिच्यावर काहीतरी फेकत होते.

"नुसती हातात धरली तरी विझते," ताई सगळ्यांकडे बघून म्हणाली, आणि गच्चीवर टाळ्यांचा कडकडाट झाला. पोस्टमननी जागच्या जागी दोन फुलदाण्या मागितल्या, एक मुलीकडे पाठवायला. विझवे सांगत होते की अहो, ही आग मुळात खोटी आहे, पण विनयाने बोलणारा विक्रेता लोकांनी कधी पाहिलेला नसावा. त्यांना तो फारच आवडला.

सोमवारी विझव्यांनी मॅनेजरला सगळं सांगितलं. मॅनेजरने शांतपणे ऐकून घेतलं. "आपण आग विझते असं सांगतो," तो म्हणाला. "कुठली, ते आपण कधी म्हटलंय?" विझव्यांनी भांड्यांच्या विभागात बदली मागितली. मॅनेजरला आधी ती थट्टा वाटली, मग त्याने बदली करून टाकली.

पण बदली करून ताईचं काय भलं होणार होतं? गच्चीनंतर तर ती जास्तच निर्धास्त झाली होती. शेजारणीने सांगितलं की आता ती तेल ठेवून खालच्या दुकानात साबण आणायलाही जाते. जिन्यात दोनदा बसून. विझव्यांची झोप उडाली. ताईला काही झालं तर ते आपण आपल्या हाताने छताला टांगून ठेवलेलं असेल, हा विचार त्यांना दाढी करताना यायचा, बसमध्ये यायचा, गिऱ्हाइकाला कढईचं बूड दाखवताना यायचा.

एका संध्याकाळी त्यांनी बायकोच्या मोठ्या पातेल्याचं झाकण घेतलं आणि त्याला लाल रंग दिला. जुन्या फवाऱ्याच्या डब्यावरचा ज्वाळेच्या चित्राचा कागद सोलून त्यावर चिकटवला. दुकानातून चांगलासा खोका आणून, आत पातळ कागद घालून झाकण त्यात ठेवलं.

"हे काय चाललंय?" बायकोने विचारलं.

"ताईला विकायचंय," विझवे म्हणाले. "तिला सांगितलेलं पटत नाही. विकलेलं पटतं."

बायको इस्त्री केलेल्या चेहऱ्याने त्यांच्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "मी येते सोबत. दुसरं झाकण घेऊन. तुमचं काही सांगता येत नाही."

ताईच्या स्वयंपाकघरात तिघं उभी राहिली. खोका ओट्यावर होता. "कंपनीचं नवीन आहे, ताई," विझवे म्हणाले आणि झाकण वर धरून त्यांनी नेहमीचं भाषण सुरू केलं. वजनाला हलकं, पूड नाही, पाणी नाही, मुदत कधी संपत नाही. भाषण चांगलं झालं. मग त्यांनी ओट्याजवळचं सगळं सामान दूर केलं, ताईला दाराशी खुर्चीवर बसवलं, छोट्या कढईत थोडंसं तेल घातलं आणि शेगडी लावली.

या वेळी पाणी नव्हतं.

तेल तापलं, धुरकटलं. ताई म्हणाली, "किती वेळ लावतोस," आणि तेल पेटलं. फुरफुरत ज्वाला वर गेली. भिंतीवर केशरी उजेड हलायला लागला. ताई खुर्चीतून अर्धवट उठली. वर गोळा टांगलेला होता. ज्वाला त्याच्या हातभर खाली नाचत होती आणि त्याला त्याचं काही देणंघेणं नव्हतं. ताई गोळ्याकडे बघत होती. मग कढईकडे. मग पुन्हा गोळ्याकडे.

"फुटत का नाही हा?" ती म्हणाली.

  विझव्यांनी शेगडीचं बटण फिरवलं, पहिल्या खेपेला हात चुकला, दुसऱ्यांदा फिरलं. झाकण उचललं. हात एवढा थरथरत होता की झाकण कढईच्या काठावर खडखड वाजलं. मागून बायको पुढे झाली होती, पण त्याआधीच त्यांनी ते सरकवलं. बसलं. उजेड गेला. विझव्यांनी डोळे मिटून घेतले आणि तसेच ओट्याला टेकून राहिले.

 बायकोने जाऊन खिडकी उघडली. कढईला कोणी हात लावला नाही. तापलेली होती, तिला तशीच निवू दिली. बायकोने दुसऱ्या शेगडीवर चहा ठेवला आणि तिघं बाहेरच्या खोलीत न जाता तिथेच, दाराशी, चहा घेत बसली. काही वेळाने आतून टप्पकन आवाज आला. धुराने चिकटपट्टी सुटून गोळा छतावरून शेजारच्या घासायच्या भांड्यांत पडला होता. एक बशी फुटली. गोळा फुटला नाही.

"हे झाकण तुझ्या बायकोच्या मोठ्या पातेल्याचं आहे," ताई म्हणाली.

विझव्यांनी वळून शेगडीवरच्या झाकणाकडे पाहिलं.

"मूठ ढिली झाली होती तेव्हा तिचा स्क्रू मीच बदलून दिला होता. खोक्यातून काढलंस तेव्हाच ओळखलं."

"मग पहिल्यांदाच का नाही बोललीस?"

"म्हटलं, एवढा रंग लावून आणलाय, बघू तरी काय करतो." ताईने चहाचा घोट घेतला. "अंगणात तू आग लावायचास ना, तेव्हा तुझा हात कधी हलायचा नाही. गच्चीवरही हलला नाही. मला वाटायचं, ज्याचा हात हलत नाही त्याला ठाऊक असणार. आज हलला. तू लहान होतास, मी शेगडीजवळ असायचे, तेव्हा माझा असाच हलायचा. तुला दिसू नये म्हणून मी तुला बाहेर ठेवायचे."

विझव्यांना रडू आलं. त्यांनी ते लपवायचा प्रयत्न केला, पण चहा सांडला आणि लपवण्यात अर्थ राहिला नाही. बायकोने त्यांच्या हातातून कप काढून घेतला.

ते झाकण पुढे ताईच्या शेगडीशेजारी खिळ्याला लागलं. तिने ज्वाळेचा कागद काढून टाकला, लाल रंग राहू दिला. विझवे भांड्यांच्या विभागातच राहिले. तिथे ते झाकणाशिवाय कढई विकत नाहीत, आणि गिऱ्हाईक ऐकेना तर विक्री मोडतात, त्यामुळे मॅनेजरच्या डोक्याला ताप आहे. भुवया नसलेल्या बाई मध्ये एकदा येऊन गेल्या. भुवया पुन्हा उगवल्या होत्या, त्यामुळे विझव्यांनी त्यांना ओळखलं नाही. त्यांनीच ओळख दिली आणि एक झाकण नेलं.

नंतरच्या एका रविवारी विझवे ताईकडे बसले होते. ती आत बटाट्याचे काप तळत होती आणि ते दाराशी वर्तमानपत्र धरून होते. वाचत नव्हते. गॅलरीतून शेजारणीची हाक आली, "अहो, येताय ना?"

"आले," ताई म्हणाली आणि गुडघ्यावर हात ठेवत निघाली. दारापर्यंत गेली. विझव्यांनी वर्तमानपत्र खाली केलं. ती थांबली, मागे वळली, पुन्हा ओट्यापर्यंत गेली. शेगडीचं बटण फिरल्याचा खट असा आवाज आला, मग झाकण ठेवल्याचा. मग ती त्यांच्याकडे न बघता गॅलरीत गेली.

विझव्यांनी वर्तमानपत्राची घडी केली आणि रुमाल काढून हात पुसले.